काबरी टोपलीतून उठत नाही

८ मे, बुधवार

काबरी कालपासून टोपलीतून उठलेली नाही. कोपऱ्यातली जुनी टोपली, खाली भुसा, आणि तिनं तिथंच अंडी घालावीत म्हणून ठेवलेलं एक अंडं. काल वाटलं, अंडं घालायला बसलीय. संध्याकाळी वाटलं, उन्हानं. आज सकाळी ज्वारी टाकली तर बाकीच्या सात जणी धावल्या, हिनं मानसुद्धा वळवली नाही.

आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, दाखवली. चाळीस वर्षं कोंबड्या पाळलेली बाई. लांबूनच म्हणाल्या, "खुडूक झालीय. अंड्यावर बसायचं मनात आलंय तिच्या. त्यात काय बघायचं?" आणि लगेच, "मपल्या लेकाचा डबा भरला का छावणीवरचा?" भरला होता. गुरं चारा छावणीत गेल्यापासून हे तिकडंच राहतात, आणि आत्यांचं सगळं लक्ष त्या डब्यात.

मी हात घातला. फुगली, पण टोचलं नाही. खुडूक कोंबडी टोचते. प्रशिक्षणाच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय. आजारी कोंबडी पण फुगून बसते, दाणा सोडते, तुरा फिका पडतो, हेही माझ्याच अक्षरात. वर्गात बसून हे किती सोपं वाटलं होतं.

दुसऱ्या कुणाची असती तर दोन मिनिटांत सांगून मोकळी झाले असते. गावाची पशुसखी आहे मी, रोज तेच करते. स्वतःच्या कोंबडीपुढं अक्कल चालेना, कारण ता. २९ ची लस.

ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

९ मे, गुरुवार

लिहून टाकते. कुठंतरी असावं.

२९ एप्रिलला पाटोद्याहून मानमोडीची लस आणली. मानमोडी शिरली की आठ दिवसांत गावात आरवायला कोंबडा उरत नाही. गुरं छावणीत, त्यामुळं आमच्या बायकांच्या संस्थेचं दूध बंद, सध्या संस्था म्हणजे रोज सकाळी जमा होणारी अंडी. म्हणून दोन महिने मागं लागून ही लस मिळवलेली. थर्मासात बर्फ, बर्फात कुप्या.

गावात उतरले तर टँकर उभा. चार दिवसांनी आलेला. घरात थेंब नव्हता. आत्या हंडे घेऊन आल्याच होत्या, त्यांना घरी पाठवलं आणि थर्मास काखेत धरून रांगेला लागले. माझ्या पुढं शेजारची गया. तिला उन्हानं चक्कर आली, मातीत खालीच बसली, डोळे पांढरे. मी थर्मास उघडला, बर्फ काढून तिच्या मानेला, तोंडाला चोळला. दोन खडे तिनं चघळले. त्याचं मला वाईट वाटत नाही. कुणीही असतं तरी चोळला असता.

पण झाकण लावताना आत किती उरला ते मी बघितलं नाही. रांग दीड तास चालली. घरी येऊन उघडलं तर पाणी. गारसुद्धा नाही, कोमट. कुप्या त्यात तरंगत होत्या.

चाळीस घरच्या बायका कोंबड्या डालून, टोपल्या उपड्या घालून, वाट बघत बसलेल्या. मी दिली लस. डोळ्यात एकेक थेंब, गप्पा मारत, हसत. लस गरम झाली की तिचं पाणी होतं, हे मलाच शिकवलेलं.

म्हणजे काबरी आजारी असेल तर ती एकटी आजारी नसणार. एवढं सगळं त्या टोपलीत बसलंय.

आज पण टोचलं नाही.

त्यातच गया भिंतीवरून: "काबरी बसली म्हणं. दे की. मपली अकरा अंडी हायत, तुपली कोंबडी. पिलं निम्मी निम्मी, दरसालासारखी." खुडूक कोंबडी मागितली तर आमच्याकडं कुणी नाही म्हणत नाही. मी म्हणाले, खुडूक नाही गं, उन्हानं बसलीय.

तिनं वाकून टोपलीत बघितलं. "उन्हानं कोंबडी सावलीला पळती, सुमन. अंड्यावर न्हाई बसत." मी भुसा सारखा करत राहिले. "द्यायची न्हाई तर तसं म्हण." गेली.

खोटं बोलायचं तर निदान पटेल असं तरी बोलावं.

१० मे, शुक्रवार

सकाळी काबरीला उचलून अंगणाच्या पार टोकाला ठेवलं. खुडूक असली तर पळत टोपलीकडं जाणार, आजारी असली तर जिथं ठेवली तिथंच बसणार. ती उभी राहिली. इकडं तिकडं बघितलं. मग गेली टोपलीकडं, पण चालत. रमत गमत. धावत जाते असं वहीत लिहिलंय, चालत गेली तर काय ते लिहिलेलं नाही.

दुपारी बाहेर येऊन एकदाच विष्ठा टाकली, मोठी, वास असा की नाकाला पदर लावला. खुडूक कोंबडीची तशीच असते. एवढा आनंद झाला! माणसाला कशाकशाचा आनंद व्हावा. मग काडीनं उलटून बघितली, कडेला हिरवट होतं, मानमोडीत असतं तसं. गेला आनंद.

पाटोद्याच्या डॉक्टरांना फोन केला. उगाच लांबून सुरुवात. सर, समजा एखाद्या गावात लस गरम झाली तर? "तर काही नाही, दिली न दिली सारखी. परत द्यावी लागेल. का? तुमची गार होती ना?"

हो सर.

तोंडातून आपोआप आलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ चुलीपुढं बसून होते, चूल पेटवायची राहून गेली.

११ मे, शनिवार

आज जीव जायची वेळ आली होती.

संस्थेत अंडी मोजून परत आले. काबरी टोपलीतच, पण नाक वाहतंय. शिंकत होती, फट् फट्, मान झटकून. पंख ढिले. नाक वाहणं, शिंका, मग मान वाकडी, मग... वहीचं ते पान मला न बघता पाठ आहे. तिथंच खाली बसले. गयाचं अंगण दिसत होतं, तिच्या नऊ कोंबड्या, त्यापलीकडं शांताक्कांच्या, त्यापलीकडं सगळ्या गावाच्या.

उचलून मांडीवर घेतली. नाक पुसलं. पुसताना बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. पीस. नाकपुडीतून आरपार घातलेलं, दोन्ही बाजूंनी टोकं बाहेर.

आत्या!

शांतपणे ज्वारी निवडत बसलेल्या. "मीच घातलं. खुडूक मोडाया. आमच्यात असंच करतेत. ती गया रोज भिंतीवरून बघती, तू तोंड पाडून बसती. कोंबडीचा नादच सुटला म्हंजी भांडणबी न्हाई अन् काही न्हाई."

पीस काढताना मला हसू आलं आणि त्यातच रडू. आत्यांना वाटलं, कोंबडीसाठी रडतेय. "एवढं काय, मरत न्हाई ती," म्हणाल्या. मी दुपारी संस्थेत जाऊन सगळ्यांना ही गोष्ट सांगितली. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी. शांताक्का, आमच्या चेअरमन, त्या सहसा हसत नाहीत, त्याही हसल्या. माझ्या मनावरचा दगड जरा सरकल्यासारखा वाटला.

संध्याकाळी कळलं की नाकाची खूण आता गेलीच. वाहतंय ते पिसानं का रोगानं, मला कधीच सांगता येणार नाही.

१२ मे, रविवार

छावणीवर जाऊन आले. ह्यांच्या अंगाला सगळा चारा म्हणून येणाऱ्या उसाच्या वाढ्यांचा वास. गाईच्या बरगड्या मोजता येतात, पण उभी आहे.

परत आले तर टोपली रिकामी.

"पीस घालूनबी टोपली सोडंना. मंग खुडूकच की. दिली गयाला," आत्या म्हणाल्या. "गावभर मपलं हसू केलंस ना, आता भांडण तरी मिटव."

गया भिंतीपाशी आली, तीन दिवसांत पहिल्यांदा हसून. "दिलीस बाई शेवटी. अकराच्या अकरा घेतली पोटाखाली."

इथं बोलायला हवं होतं. गया, तिला परत दे, वेगळी ठेव, थर्मासातला बर्फ तुला आठवतो का? एवढं एक वाक्य. ती इतकी खूश होती. मी म्हणाले, पाणी ठेव जवळ.

पाणी ठेव जवळ!

१३ मे, सोमवार

टँकर नाही.

गयाला विचारलं, टोचते का गं? "न्हाई न्हाई, लई गरीब हाय. हात घातला तरी गप." ती कौतुकानं सांगत होती. गेल्या साली हीच काबरी बसली होती तेव्हा आत्यांच्या मनगटावर रक्त काढलं होतं तिनं.

एका बाजूनं म्हणते, पीस घातल्यानं भेदरली असेल. दुसऱ्या बाजूनं काही म्हणत नाही, नुसती भीती वाटते.

१४ मे, मंगळवार

सकाळी अंडी जमा करताना भागाबाई आली. गावाच्या कडेला मेंढरं घेऊन राहतात त्या घरची. पाटीत अंडी नव्हती, मेलेली कोंबडी होती. पाटी माझ्यापुढं ठेवली.

"काल सांजच्याला मान अशी वाकडी करून बसली. सकाळी बघते तर ही."

सगळ्या गोल करून उभ्या. ऊन, म्हणाली एक. त्रेचाळीस डिग्री हाय, माणसं पडायलीत. दुसरी म्हणाली, साप. भागाबाई कुणाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. "लस दिल्यावर मानमोडी व्हायची न्हाई ना गं, सुमन?"

नाही, म्हणाले.

डॉक्टरांना एक, गयाला एक, हिला एक. हिशेब ठेवायला वही आहेच.

मग मी म्हणाले, खोल पुरा, वर चुना टाका, आणि बाकीच्या डालून ठेवा, मोकळ्या सोडू नका. शांताक्का पाटीजवळ आल्या. "उन्हानं मेलेल्या कोंबडीला चुना कशाला?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, आपलं असावं म्हणून. त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

गया मागं उभी होती. तिचा चेहरा मला दिसला नाही.

१५ मे, बुधवार

ह्यांना फोनवर सांगितलं. सगळं, पहिल्यांदाच कुणाला तरी.

"कावून सांगतीस लोकांला? बर्फ व्हता का न्हाई, बघाया कोण व्हतं?"

गया होती.

"ती कशाला बोलल? तिच्याच तोंडाला लावलास ना?" खरं आहे. ती बोलणार नाही. तिला त्या थर्मासाचं काय ते माहीत आहे का, हेही मला माहीत नाही. मी सांगितलं नाही तर कुणीच सांगणार नाही. भागाबाईची ऊन लागून मेली, काबरी गेली तर पिसानं गेली, प्रत्येक कोंबडीला काही ना काही कारण मिळेल.

फोन ठेवला तर आत्या दारात. किती ऐकलं कोण जाणे. मला वाटलं, आता शिव्या. त्या म्हणाल्या, "मी नाकात पीस घातलं ते तू गावभर सांगितलंस. हसल्या समद्या. तुपलं कोण सांगनार?"

आणि आत गेल्या. जेवण दोघींनी वेगवेगळं केलं. इतका राग आला त्यांचा. खरं बोलल्याचाच राग होता तो.

१६ मे, गुरुवार

सांगितलं.

सगळ्या आल्यावर, अंडी मोजायच्या आधी. मानमोडीची लस गरम झाली होती. टँकरच्या रांगेत बर्फ वितळला. मला माहीत होतं, तरी दिली. गयाचं नाव घेतलं नाही. कशाला घ्यायचं? बर्फ तिला दिला ही चूक नव्हती. उरलेला न बघणं, आणि कोमट लस हसत हसत घालणं, ही माझी.

कुणी ओरडलं नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांताक्का म्हणाल्या, "सतरा दिवस झाले, सुमन." भागाबाईनं ट्रेमधली आपली चार अंडी उचलून परत पाटीत ठेवली आणि निघून गेली. कुणीतरी विचारलं, "पण बर्फ गेला कुठं एवढा? थर्मासात तर दिवसभर टिकतो."

वितळला, म्हणाले.

गयानं पदर पुढं ओढून घेतला आणि जमिनीकडं बघत राहिली.

डॉक्टरांना अक्कांसमोरच फोन केला. त्यांनी झापलं, झापायलाच हवं होतं. मेलेली कोंबडी पुरून टाकली, त्यामुळं नक्की काय ते सांगता येत नाही म्हणाले. लस सोमवारी येऊन घेऊन जा. अक्का म्हणाल्या, आणायला दुसरं कुणीतरी जाईल. थर्मास माझ्याकडून मागून घेतला. दिला. दांडीला मी निळी चिंधी बांधली होती, ओळखू यावा म्हणून. ती सोडायची राहिली.

संध्याकाळी गयानं भिंतीच्या खिंडारात पत्रा लावला. त्या खिंडारातून पंधरा वर्षं आम्ही मीठ, विरजण, काडेपेटी देत घेत आलो.

१७ मे, शुक्रवार

कुणी बोलत नाही. पिठाच्या गिरणीत मी गेले की गप्पा थांबतात.

भागाबाईची दुसरी कोंबडी एक डोळा मिटून उभी आहे म्हणे. हे आत्यांनी आणलेलं. आत्याच आता माझा पेपर. सकाळी स्वतःहून तिकडं गेल्या, मी सांगितलं नव्हतं. येऊन माझ्या पुढ्यात चहा ठेवला.

काबरीचं त्यांनाही कळलं नाही. गया पत्र्यापलीकडं कुणाला येऊ देत नाही. टोपली तिच्या छपराखाली, पार त्या टोकाला. मी भिंतीला कान लावून बसले. खुडूक कोंबडी जवळ गेलं की कुर्र करते. शेळी ऐकू आली, गयाचा रेडिओ ऐकू आला.

१८ मे, शनिवार

सकाळी पत्रा सरकल्याचा आवाज. बघते तर टोपली त्या टोकाची ह्या टोकाला, खिंडाराला अगदी लागून. गया पाठमोरी, काहीतरी झाडत होती. झाडलेलंच परत झाडत होती.

मी खिंडारापाशी जाऊन उभी राहिले. मग केरसुणी टाकून वळली.

"बर्फ म्या खाल्ला हे कावून न्हाई सांगितलंस?"

तू मागितला नव्हतास, म्हणाले.

"मी काल अक्काला सांगून आले. तुझ्यासाठी न्हाई. रातभर झोप यीना म्हून." मग टोपलीकडं बघून, "काल सकाळपास्नं दाणा घेतला न्हाई तिनं. पाणी घेतलं, दोनदा. मला समजंना. ये, बघ."

पलीकडं गेले. काबरी डोळे अर्धवट मिटून. तुरा फिका. खाली बोट सरकवलं, अंडी गरम, सगळी पोटाखाली नीट घेतलेली, एकही बाहेर नाही. छातीची पिसं विरळ झाल्यासारखी वाटली. खुडूक कोंबडी स्वतःच उपटते. की आजारानं गळालीत? नाक कोरडं.

हात तसाच आत ठेवून थांबले. पुढं सरकवायचा धीर होईना. गया म्हणाली, "घाल की."

घातला. काबरीनं डोळा उघडला, माझ्याकडं बघितलं, आणि टोचलं.

"टोचलं ना?" गया केवढ्यानं ओरडली.

टोचलं. पण हलकं. बोटावर खूणसुद्धा नाही. गयानं माझं बोट धरून उजेडात उलटून पालटून बघितलं. मग स्वतःचा हात घातला. तिला नाही टोचलं.

"मंग खुडूक का आजारी?"

माहीत नाही गं, म्हणाले. हे वाक्य मी तिला नऊ दिवसांपूर्वीच म्हणायला हवं होतं.

अक्कांनी थर्मास गयाकडं दिलाय. सोमवारी सकाळच्या गाडीनं ती जाणार, मी नुसती बरोबर, कुप्या ओळखायला. निळी चिंधी अजून दांडीला आहे. तिच्या नऊ कोंबड्या डाललेल्या, माझ्या सात डाललेल्या, दोन्ही अंगणं सुनी. काबरी मधोमध, टोपलीत.

सोमवारी टँकर पण आहे म्हणे. हंडे कोण भरणार, तो विषय आम्ही दोघींनी काढला नाही.